एम.ए.ची संदर्भग्रंथ सूची: एवढं सगळं वाचायचं कधी?

कागलची_पोर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात एम.ए. इतिहास करतेय, पहिलं सेम. बी.ए. पूर्ण मराठीतून झालं. तेव्हा गाईड, सरांच्या नोट्स आणि मागच्या प्रश्नपत्रिका एवढ्यावर भागत होतं, मार्कही चांगले पडले. आता प्रत्येक पेपरच्या अभ्यासक्रमाखाली वीस-बावीस पुस्तकांची संदर्भग्रंथ सूची आहे. त्यातली चौदा-पंधरा तरी इंग्रजी. पहिल्याच तासाला सांगितलं, "सूची बघून घ्या, वाचायला लागा." कुठून लागायचं ते कुणी सांगितलं नाही. वर्गातली निम्मी मुलं विचारायला लाजतात, उरलेली अर्धी म्हणतात आम्ही वाचतोय. कितपत वाचतात देव जाणे.

कागलहून एसटीनं ये-जा करते. दुपारी मामांच्या दुकानात बसावं लागतं. इंग्रजी पुस्तक उघडलं की एका पानाला दहा मिनिटं जातात, पानाच्या शेवटी पोचेपर्यंत वरचं विसरलेलं असतं.

ज्यांनी हे पार केलंय त्यांनी सांगा, सगळं खरंच वाचायचं असतं का? आणि नसेल तर काय सोडायचं हे ठरवायचं कसं?

तांबडा_पांढरा

ताई, टेन्शन घिऊ नका. आमच्या बॅचला एकानं बी सूची वाचली न्हाई आन सगळे पास हैत. दिवाळीच्या सुट्टीनंतर गाईड आणायचं, पाच वर्सांच्या प्रश्नपत्रिका काढायच्या, विषय संपला. लई डोक्याला ताप करून घ्यायचा न्हाई.

हिशेबनीस

वरच्या भावाचं म्हणणं पास होण्यापुरतं खरं आहे. पण सूची पूर्ण वाचायची का, याचं उत्तर गणितातच मिळतं, म्हणून मांडतो.

वीस पुस्तकं, सरासरी तीनशे पानं धरा. सहा हजार पानं. पानाला साडेतीनशे शब्द म्हणजे २१ लाख शब्द. बेल्जियमच्या गेन्ट विद्यापीठातल्या मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांचे आकडे एकत्र करून इंग्रजी वाचनाचा वेग काढला होता. ललितेतर मजकूर मनात वाचताना मिनिटाला सरासरी २३८ शब्द. या वेगानं एका पेपरची सूची संपायला १४७ तास लागतात. तेही इंग्रजी सरावाची असणाऱ्यांना, मध्ये न थांबता, टिपण न काढता. आपल्यासारख्यांचे सहज तीनशे तास होतील.

आता दुसरी बाजू. नव्या क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटला एकूण ३० तासांचा अभ्यास धरलेला आहे. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे १२० तास. त्यातले ६० वर्गात जातात. उरले ६०. सेमिस्टरचे पंधरा आठवडे धरले तर एका पेपरला आठवड्याचे चार तास.

तीनशे तासांचं काम साठ तासांत बसत नाही. तुम्ही आळशी आहात म्हणून सूची संपत नाही असं नाही, ती कुणाचीच संपत नाही. पण साठ तास शून्य नव्हेत हेही लक्षात घ्या. सावकाश वाचूनसुद्धा हजार-बाराशे पानं होतात. प्रश्न फक्त कुठली हजार पानं, एवढाच आहे.

विद्यानगर_निवृत्त

मी बरीच वर्षं शिकवलं, अभ्यास मंडळावरही होतो. सूची तयार कशी होते ते विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही, म्हणून थोडं आतलं सांगतो.

अभ्यासक्रम बदलायचा ठरला की चार-पाच जण बसतात. जुन्या अभ्यासक्रमाखालची सूची आधीच तयार असते, ती जवळजवळ तशीच उतरते. मग प्रत्येक जण आपल्या आवडीची दोन-तीन पुस्तकं घालतो. एखादं पुस्तक ग्रंथालयानं विकत घ्यावं म्हणून घातलेलं असतं, कारण सूचीत नाव असलं की खरेदीची मागणी करायला सोपं जातं. एखादं दिसायला बरं म्हणून. काढायचं मात्र कुणी सुचवत नाही, कारण काढलेल्या पुस्तकाचा चाहता समोर बसलेला असू शकतो. अशी ती वाढत जाते. आपल्याकडं लग्नाच्या यादीत अख्खं गाव असतं, म्हणून नवरा-नवरी सगळ्या पाहुण्यांशी तासभर बोलत बसत नाहीत, तसंच हे.

तेव्हा पहिलं काम पुस्तक उघडणं नव्हे. ज्या सरांचा किंवा मॅडमचा पेपर आहे त्यांच्याकडं जा आणि नेमकं विचारा: "या घटकासाठी दोनच वाचायची असतील तर कुठली, आणि त्यातली कुठली प्रकरणं?" 'कुठलं पुस्तक वाचू' असं मोघम विचारलंत तर 'सगळीच चांगली आहेत' हेच उत्तर मिळेल, आम्ही सगळेच ते देतो. घटकाचं नाव घेऊन विचारलंत तर शिक्षकालाही डोकं चालवावं लागतं. आणि त्यांनाही सांगता आलं नाही, तर तुम्हाला निदान एक गोष्ट कळली.

कागलची_पोर

सर, हे माहीतच नव्हतं, धन्यवाद. उद्या विचारते. हिशेबनीस दादा, तुमचा हिशेब मैत्रिणींना पाठवला, दोघींनी सुटकेचा श्वास टाकला.

पण समजा त्यांनी दोन पुस्तकं सांगितली. ती वाचायची कशी? माझ्या हातात आत्ता मराठ्यांच्या इतिहासाच्या पेपरमधला ग्रँट डफ आहे. तीन खंड. पहिल्या खंडाच्या सुरुवातीलाच अडकलेय.

मोडी_वाचक

पीएच.डी. करतेय, त्यामुळे हा माझा रोजचाच त्रास. ग्रँट डफ निघाला ते बरं झालं, त्याच्यावरूनच सांगते.

ग्रँट डफ पान १ पासून वाचायला घेतला तर तीन महिन्यांनी कंटाळा तेवढा हाती लागेल. आधी तो कोण ते बघा. मराठेशाही बुडाल्यावर १८१८ ते १८२२ कंपनी सरकारतर्फे साताऱ्यात बसलेला अधिकारी. छत्रपतींच्या दरबारावर देखरेख हेच त्याचं काम, त्यामुळे कागदपत्रं त्याच्या हाताशी आली. परत गेल्यावर १८२६ मध्ये लंडनहून तीन खंड छापले. म्हणजे जिंकणाऱ्यानं हरलेल्यांचा इतिहास लिहिला, आणि तोही हरलेल्यांच्याच दप्तरातून. एवढं डोक्यात ठेवून त्याची प्रस्तावना वाचा. साधनं कुठून मिळाली ते तो तिथंच सांगतो.

मग त्याचं एक विधान पकडा. मराठ्यांचा उदय त्यानं सह्याद्रीच्या रानातल्या वाळलेल्या गवताला लागलेल्या वणव्यासारखा रंगवलाय. लांबून बघणारे चकित झाले म्हणतो. आता सूचीतलं दुसरं नाव काढा, न्यायमूर्ती रानडे, १९०० सालचं इंग्रजी पुस्तक, आकारानं कितीतरी लहान. त्यांचा सुरुवातीचाच सूर असा की हा वणवा नव्हे. आधी जमीन तयार झाली होती, त्यात संतांचं काम आलं, गावगाडा आला, दख्खनच्या सुलतानांच्या पदरी मिळालेला अनुभव आला. वणवा आपोआप लागतो आणि विझतो, राष्ट्र तसं उभं राहत नाही, हा त्यांचा मुद्दा.

तर सूचीतली पुस्तकं अशी एकमेकांशी भांडत असतात. आपण ती नावं एकाखाली एक छापलेली बघतो, म्हणून सगळी सारखी वाटतात. कोण कुणाला उत्तर देतंय ते शोधा. भांडण सापडलं की दोन्ही पुस्तकांतली नेमकी कुठली पानं वाचायची ते आपोआप कळतं, कारण भांडण असतं दहा-वीस पानांत. बाकीची पानं त्याचे पुरावे असतात, लागतील तेव्हा बघायचे.

आणि मला फार आवडणारी गोष्ट. ग्रँट डफवर मराठीत पहिला जोरदार हल्ला कुणी केला? नीळकंठ जनार्दन कीर्तने. तेव्हा ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात विद्यार्थी होते, साल १८६७-६८ च्या आसपास. डफनं कुठली साधनं वापरलीच नाहीत, कुठं नीट तपासली नाहीत, हे त्यांनी निबंधातून दाखवून दिलं. पुढं इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढले तेव्हा डफवरची टीका अजून धारदार झाली. पण सुरुवात एका विद्यार्थ्यानं केली होती, आणि तुम्हीही विद्यार्थीच आहात.

डफचं मराठी भाषांतरही आहे हो, कॅप्टन डेव्हिड केपन यांनी त्याच काळात केलेलं. भाषा जुनी आहे, पण इंग्रजीत अडलात तर शेजारी ठेवायला बरं.

खासबाग

मोडीताईंचं पटतं, पण पूर्ण नाही. सगळीकडं दहा-वीस पानं वाचत फिरलं की भांडणं कळतात, मात्र लेखक एखादा युक्तिवाद तीनशे पानं कसा ओढत नेतो हे कधीच कळत नाही. मग प्रबंध लिहायची वेळ आली की प्रत्येक प्रकरण सुटं सुटं होतं. माझं म्हणणं, प्रत्येक सेमला एक पुस्तक, फक्त एक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. सूचीतलं सगळ्यात बारीक निवडलं तरी हरकत नाही. इतिहासलेखनशास्त्राच्या पेपरला ई. एच. कारचं 'व्हॉट इज हिस्टरी?' बहुतेक असतंच. ती मुळात १९६१ मध्ये केंब्रिजला दिलेली सहा व्याख्यानं आहेत. सहा बैठकांत संपतं, आणि बोलण्यासाठी लिहिलेलं असल्यामुळे इंग्रजीही अंगावर येत नाही.

बाकीच्या एकोणीस पुस्तकांना ताईंची पद्धत लावा.

मोडी_वाचक

खासबाग, मान्य. फक्त ते एक पुस्तक डफ नको एवढंच.

ग्रंथसेवक

मी ग्रंथालयात काम करतो, कुठल्या ते राहू दे. सूचीबद्दल बोलताना पुस्तक मिळणार कुठं हा अर्धा प्रश्न बाजूला पडतो. परीक्षा जवळ आली की सगळे एकाच पुस्तकासाठी काउंटरवर येतात आणि ते आधीच कुणीतरी नेलेलं असतं. सेम सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात या, कपाटं भरलेली असतात.

शिवाजी विद्यापीठातलं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय सगळ्यांना ठाऊक आहे. संलग्न कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आपल्या कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन तिथं चौकशी करावी. गावात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० पासूनचं. जुनी मराठी पुस्तकं हवी असतील तर तिथं हमखास एक फेरी मारा. आजच्या सूचीत जी पुस्तकं 'दुर्मिळ' म्हणून येतात, ती एकेकाळी अशा वाचनालयांत साधी वाचायला ठेवलेली असत.

घरबसल्या म्हणाल तर ग्रँट डफ आणि रानडे दोघांचेही स्वामित्व हक्क कधीच संपलेत. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. त्यामुळे इंटरनेट आर्काइव्हवर दोन्ही पूर्ण, फुकट आणि कायदेशीर आहेत. मराठीसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची प्रकाशनं पीडीएफमध्ये आहेत. विषयाची तोंडओळख करून घ्यायला मराठी विश्वकोशातली नोंद वाचा, दोन पानांत चौकट कळते आणि मग इंग्रजी पुस्तक निम्मं सोपं जातं. आपल्या विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राची स्वयं-अध्ययन पुस्तकंही बघा. त्यांच्यावर थांबू नका, पण सुरुवात त्यांच्यापासून करायला काहीच कमीपणा नाही.

संशोधन लेखांसाठी जेस्टोरवर स्वतःचं फुकट खातं काढलं तर महिन्याला शंभर लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात. शोधगंगेवर देशभरातले पीएच.डी. प्रबंध आहेत. त्यांच्या दुसऱ्या प्रकरणात बहुधा पूर्वसंशोधनाचा आढावा असतो. मोडीताई म्हणतात ती भांडणं तिथं कुणीतरी आधीच लावून ठेवलेली असतात. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय, तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं. ही योजना सरकारी उच्चशिक्षण संस्थांसाठी आहे, तुमचं कॉलेज त्यात बसतं का ते ग्रंथपालांना विचारा. नसेल तर एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेचं, लॉगिन आहे का तेही विचारा. पुष्कळ ठिकाणी लॉगिन असतं आणि वर्षभर मागायला कुणी येत नाही.

तांबडा_पांढरा

सर, ह्ये समदं ठीक. पर आमी तर सरळ झेरॉक्स मारतो. कॉलेजभायेरच्या दुकानात 'तिसरा पेपर' म्हटलं की गठ्ठाच देतोय. त्ये कायद्यात बसतंय का?

वकिलीचा_विद्यार्थी

भावा, यावर दिल्लीत मोठा खटला झालाय. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं दुकान होतं. प्राध्यापकांनी सांगितलेल्या सूचीतली प्रकरणं एकत्र करून ते गठ्ठे विकायचं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन प्रकाशकांनी दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी तो फेटाळला. प्रकाशक अपिलात गेले. डिसेंबरमध्ये खंडपीठानं तत्त्व मान्य केलं, शिकवण्याच्या ओघात आवश्यक तेवढी प्रत काढायला स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम ५२ ची मोकळीक आहे. फक्त त्या गठ्ठ्यांतली प्रत अभ्यासक्रमासाठी खरंच आवश्यक होती का, हा मुद्दा पुराव्यानिशी तपासायला परत पाठवला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

त्यामुळे शिक्षकांनी नेमलेल्या प्रकरणांचा गठ्ठा ही एक गोष्ट. अख्खं पुस्तक कव्हरसकट छापून विकणं ही दुसरी. तुझं दुकान यातलं काय करतं ते तूच बघ.

मला गंमत वाटली ती वेगळीच. तो गठ्ठा म्हणजे सूचीचंच आटवलेलं रूप. कुणीतरी वीस पुस्तकांतून नेमकी प्रकरणं काढून दिली होती. वर निवृत्त सर जो प्रश्न विचारायला सांगतात, त्याचं उत्तर तिथं बांधून ठेवलेलं होतं.

स्मार्ट_अभ्यासू

सगळे एवढं लिहिताय, पण एआयला पीडीएफ द्या, सारांश घ्या, झालं. मी तसंच करतो.

मोडी_वाचक

इंग्रजी परिच्छेद अडला तर अर्थ विचारायला वापरा, मीही वापरते. पण सारांशात वादाची धार जाते. 'विविध इतिहासकारांनी विविध मते मांडली आहेत' छापाचं काहीतरी येतं आणि तेच उत्तरपत्रिकेत उतरतं. शिवाय संदर्भ मागितले तर नसलेली पुस्तकं आणि नसलेले पान क्रमांक आत्मविश्वासानं मिळतात. त्यामुळे संदर्भ देण्याआधी ते पान स्वतःच्या डोळ्यानं बघा.

विद्यानगर_निवृत्त

तपासणाऱ्याला ते वाक्य ओळखू येतं, एवढंच सांगतो.

कागलची_पोर

सगळ्यांचे आभार. मॅडमना विचारलं. सरांनी सांगितलं तसं घटकाचं नाव घेऊनच विचारलं. त्यांनी डायरी काढली, दोन मिनिटं विचार केला आणि तीन प्रकरणं लिहून दिली. वर म्हणाल्या, आजवर असं कुणी विचारलं नव्हतं.

आता एक अडचण. दुसऱ्या पेपरमध्ये शाहू महाराजांच्या सामाजिक धोरणांचा घटक आहे. त्याला सूचीत सात पुस्तकं आहेत, सगळी मराठीत आणि सगळी जाड. इथं भांडण दिसत नाही, सगळे महाराजांचं कौतुकच करतात. मग काय करायचं?

मोडी_वाचक

छान प्रश्न. जिथं सगळ्या लेखकांचं एकमत वाटतं तिथं पुस्तकं बाजूला ठेवून मूळ कागद वाचायचा.

२६ जुलै १९०२ चा जाहीरनामा घ्या. करवीर सरकारच्या गॅझेटात आलेला. महाराज तेव्हा विलायतेत होते. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांतून भराव्यात असा हुकूम. मजकूर इतका छोटा आहे की चहा होईपर्यंत वाचून होतो. पण प्रत्येक वाक्याला थांबा. 'मागासलेले' म्हणजे कोण हे तिथं कसं सांगितलंय? जातींची नावं घेऊन नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सगळे, असं. का? अशी व्याख्या केल्यानं आत कोण आलं? ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती त्यांच्या वाट्याला त्या पन्नासातलं किती आलं असेल?

आता हे प्रश्न घेऊन सात पुस्तकांच्या सूची उघडा. शेवटच्या सूची म्हणजे नामसूची, विषयसूची. '१९०२' किंवा 'राखीव जागा' शोधून फक्त ती पानं वाचा. एखादा लेखक जाहीरनामा नुसता उतरवून पुढं जातो, एखादा आधीच्या वेदोक्ताशी (महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही या वादाशी) जोडतो, एखादा वसतिगृहांशी. कौतुक सगळेच करतात, पण कशाचं करतात त्यात फरक आहे. भांडण तिथं लपलेलं असतं.

आणि वाचून झालं की पुस्तक मिटून, न बघता आठ-दहा ओळी मराठीत लिहा. आठवलं नाही तेवढंच परत उघडून बघा. अधोरेखित करण्यात वेळ घालवू नका, त्यानं पुस्तक रंगतं, डोक्यात काही राहत नाही.

खासबाग

शाहूकालीन कोल्हापूरवर काम करायचं असेल तर पुढंमागं पुराभिलेखागारातही जा. संस्थानचं दप्तर तिथं आहे, बरंचसं मोडी लिपीत. आत्ता नको, पण मोडी शिकायला घ्या. या गावात राहून इतिहास शिकणाऱ्यांना ते दप्तर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि आपण इंग्रजी पुस्तक मिळत नाही म्हणून रडत बसतो.

कागलची_पोर

हे जमेल असं वाटतंय. वर्गातल्या आम्ही चौघींनी पुस्तकं वाटून घेतलीत. शनिवारी कॉलेज सुटल्यावर वाचन कक्षाबाहेर बसून एकमेकींना सांगणार. पहिल्या शनिवारी वणवा विरुद्ध जमीन. मी रानड्यांच्या बाजूनं. डफच्या बाजूनं बोलायला कुणी तयार होईना.

तांबडा_पांढरा

ताई, म्या येतो. मी बी इतिहासवालाच, शेवटचं सेम. डफच्या बाजूनं म्या बोलतो. फकस्त ती कुठली पानं वाचायची तेवढं लिवून पाठवा, तीन खंड न्हाई व्हायचे आपल्याच्यानं.